अंगाबेताचा कपडा

लुगडें अंगाला झालें नाहीं, अशी तक्रार कोणीं कधीं ऐकलेली नाहीं. तेंच नऊ वारी लुगडें किडकिडीत सुनेनें नेसावें, भरदार सासूनें नेसावें आणि माहेरीं बाळंतपणाला आलेल्या लेकीनेंही नेसावें. ज्या अंगावर जाईल त्या अंगाचा आकार तें घेतें. कंबर बारीक असली तर निऱ्या जास्त पडतात, रुंद असली तर कमी पडतात. उंची बेताची असली तर कंबरेशीं थोडें अधिक खोंचावें लागतें, इतकेंच. याचें कारण लुगड्याला कात्री लागलेलीच नसते. मागावरून जसें उतरलें तसेंच तें अंगावर येतें, आणि त्याला आकार देण्याचें काम नेसणारीचे हात रोज सकाळीं नव्यानें करतात.

कात्री आली कीं माप आलें, आणि माप आलें कीं चूक होण्यास जागा झाली. परंतु जुन्या चोळीनें या चुकीचीही सोय करून ठेवली होती. गुळेदगुड्डसारख्या गांवीं विणला जाणारा खण मुळांतच लहान. त्यांतील चिंधीसुद्धां वायां जाऊं नये अशा बेतानें चोळी कापीत. छातीवर व कांखेंत लहान लहान तुकडे जोडून ती अंगाच्या वळणाला आणीत आणि पुढें दोन टोकांची गांठ मारीत. ती गांठ हें त्या चोळीचें खरें शहाणपण होय. अंग भरलें, उतरलें, मूल पाजण्याचे दिवस आले, तरी गांठ इंच-दोन इंच पुढें किंवा मागें सरके आणि चोळी निभावून नेई. पुढें पोलकें आलें, झंपर आला, ब्लाउज आला. गांठीच्या जागीं हूक आणि बटणें आलीं. हूक सरकत नाहीं. ज्या दिवशीं माप घेतलें त्या दिवसाचें अंग त्यानें कायम धरून ठेवलेलें असतें.

तरीही जोंवर कपडा शिंप्याकडे शिवावयास जात होता, तोंवर निदान तो एका विशिष्ट स्त्रीसाठीं कापला जात होता. आज शहरांतील बहुतेक स्त्रियांच्या कपाटांत कुडते, कमीज, विजारी यांचा मोठा भाग तयार विकत घेतलेला असतो, आणि त्यांतील एकही कपडा कापतांना तो घालणारी स्त्री कापणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नव्हती. होता तो एक आंकडा. मग दुकानांतील त्या अरुंद आरसेखोलींत जें घडावयाचें तें घडतें. खांद्यावर बरा बसलेला कुडता नितंबावर अडकतो. नितंबावरून सुटला तर गळा पुढें लोंबतो. तीन-चार कपडे उतरवून ठेवून बाहेर आलेली स्त्री बरोबरच्या बहिणीला म्हणते, "माझें अंगच मेलें बेढब झालें आहे." चप्पल बोटांना लागली तर कोणी आपल्या पायाला दोष देत नाहीं, चप्पल वाईट म्हणून ती परत करतात. कपड्याच्या बाबतींत मात्र आरोपी ठरतें तें अंग. हा आरोप बहुतेक प्रसंगीं खोटा असतो. तो कां खोटा, हें समजण्यासाठीं त्या आंकड्याचें कूळ पाहिलें पाहिजे. आणि त्यासाठीं अमेरिकेंत जावें लागतें, कारण तयार कपड्यांचा व्यापार मोठ्या प्रमाणावर प्रथम तेथें वाढला आणि आपल्याकडील कारखान्यांनीं आपल्या मापांसाठीं बराच काळ अमेरिकेच्या व इंग्लंडच्या कोष्टकांचाच आधार घेतला.

पुरुषांचे तयार कपडे तेथें आधीं रुळले. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धांत सैनिकांसाठीं गणवेष मोठ्या संख्येनें शिवावे लागले, आणि मापांची कोष्टकें हातीं आलीं. स्त्रियांच्या बाबतींत एबेनेझर बटरिक या शिंप्यानें १८६३ सालीं निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकण्यास प्रारंभ केला आणि थोड्याच वर्षांत त्यांत स्त्रियांच्या कपड्यांची भर घातली. पण त्यावरून कपडा शिवावयाचा तो घरींच, आणि तो दुरुस्त करून घेण्यास घरधनीण समर्थ असे. कारखान्यांतून स्त्रियांचे कपडे बाहेर पडूं लागले तेव्हां प्रत्येक कारखानदार आपल्या अंदाजानें मापें ठरवूं लागला. बहुधा छातीचा घेर तेवढा धरावयाचा आणि बाकीचें अंग त्या प्रमाणांत असेल असें गृहीत धरावयाचें. परत आलेल्या कपड्यांचे ढीग दुकानांत साचूं लागले.

या गोंधळावर उपाय म्हणून १९३९-४० मध्यें अमेरिकेच्या शेतकी खात्याच्या गृहविज्ञान विभागानें एक अपूर्व खटाटोप केला. रूथ ओब्रायन या विदुषीच्या देखरेखीखालीं सुमारे १५,००० स्त्रियांचीं मापें घेण्यांत आलीं. एकेकीचीं थोडींथोडकीं नव्हेत, पन्नासांहून अधिक. ओब्रायन व विल्यम शेल्टन यांनीं त्याचा अहवाल १९४१ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील एक गोष्ट मार्मिक आहे. एखाद्या स्त्रीच्या बाकीच्या मापांचा अंदाज करण्यास उंची आणि वजन हीं दोन सर्वांत उपयोगी पडतात, असें हिशेबांतून दिसलें. पण दुकानादुकानांत वजनकाटा ठेवावा लागेल आणि स्त्रिया आपलें वजन सांगावयास तयार होणार नाहींत, ही अडचणही तितकीच स्पष्ट होती. शास्त्राला जें सांपडलें तें संकोचापुढें टिकलें नाहीं. दुसरी गोष्ट मात्र हंसण्यासारखी नाहीं. गोऱ्या नसलेल्या स्त्रियांचीं मापें हिशेबांतून वगळण्यांत आलीं. म्हणजे ज्या कोष्टकांची सावली पुढें साऱ्या जगावर पडली, त्यांच्या मुळाशीं जगांतील स्त्रियांचा एक लहानसा गटच होता.

या पाहणीच्या आधारें १९५८ सालीं तेथील सरकारनें प्रमाणमापें जाहीर केलीं. त्यांत छातीसाठीं आंकडा, उंचीसाठीं उंच, मध्यम, ठेंगणी असें अक्षर, आणि नितंबाच्या घेरासाठीं अधिक-उणें अशी खूण होती. एका स्त्रीचें अंग सांगण्यास एक आंकडा पुरत नाहीं, तीन गोष्टी तरी सांगाव्या लागतात, एवढें त्या योजनेला कळलें होतें. व्यापाराला तें पेलणारें नव्हतें. एकाच रंगाच्या एकाच झग्याचे इतके प्रकार कोणता दुकानदार ठेवील? हळूहळू खुणा गळाल्या, आंकडा तेवढा राहिला, आणि १९८३ सालीं तें प्रमाणही मागें घेण्यांत आलें. त्यानंतर आंकडाही ज्याचा त्याचा झाला. ग्राहकाला आपण बारीक आहों असें वाटावें म्हणून मोठ्या कपड्यावर लहान आंकडा लिहिण्याची चाल तर त्याआधींच पडली होती. ३२ इंच छातीच्या झग्याला १९३७ सालच्या एका सूचीपत्रांत १४ हा आंकडा होता. १९६७ मध्यें त्याच छातीला ८ आणि २०११ मध्यें शून्य! आंकडा असा वितळत असतां त्यावरून एखाद्या स्त्रीनें आपल्या अंगाबद्दल हर्ष किंवा खेद मानणें किती व्यर्थ आहे, हें निराळें सांगावयास नको.

आपल्या देशांतील बायकांचीं मापें आपल्या देशांत घेण्याची योजना मात्र पुष्कळ उशिरां, २०१८ सालीं घोषित झाली. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेकडे सोंपविलेल्या या पाहणींत निरनिराळ्या विभागांतील सहा शहरांतून १५ ते ६५ वर्षें वयाच्या २५,००० स्त्रीपुरुषांचीं मापें, फीत न लावतां, प्रकाशाच्या साहाय्यानें सर्व अंगाची आकृति टिपणाऱ्या यंत्रानें घ्यावयाचीं असें ठरलें. अशा पाहणीनें कोष्टक सुधारतें यांत शंका नाहीं. परंतु कोष्टक कितीही चांगलें केलें तरी तें कोष्टकच राहतें, आणि त्याची मर्यादा काय हें १९४५ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरांत मोठ्या गमतीनें सिद्ध झालें.

हजारों तरुण स्त्रियांच्या मापांची सरासरी काढून एक पुतळा घडविण्यांत आला होता. त्याला 'नॉर्मा' असें नांव देऊन तेथील आरोग्य-संग्रहालयांत ठेवलें होतें. या पुतळ्याशीं जिचीं मापें जुळतील तिला बक्षीस, अशी स्पर्धा एका वृत्तपत्रानें लावली. ३,८६४ स्त्रियांनीं आपलीं मापें पाठविलीं. सरासरीचीच बाई शोधावयाची असल्यामुळें पुष्कळजणी अगदीं थोड्या फरकानें पुढेंमागें राहतील आणि परीक्षकांना निवड करणें अवघड जाईल, असा समज होता. झालें भलतेंच. नऊ मापांपैकीं पांच मापें तरी सरासरीच्या जवळ आहेत अशा स्त्रिया चाळीसही निघाल्या नाहींत. नवांच्या नऊ जुळणारी तर एकही निघाली नाहीं. जिला बक्षीस मिळालें तिचींही जुळलीं नव्हतीं. सरासरी ही सर्वांपासून काढलेली असते, म्हणून ती कोणाचीच नसते. तयार कपडा मुळांत या नॉर्मासाठीं शिवलेला असतो. आणि नॉर्मा कधीं दुकानांत येत नाहीं.

आतां हें प्रत्यक्ष कापडावर कसें घडतें तें पाहूं. दोन स्त्रिया आहेत. दोघींच्या छातीचा घेर ३६ इंच. एकीची पाठ रुंद आहे, खांदे भक्कम आहेत आणि पुढील भाग बेताचा आहे. दुसरीची पाठ अरुंद, खांदे उतरते आणि पुढील भाग भरलेला आहे. फितीच्या दृष्टीनें दोघी सारख्याच. एकाच ब्लाउजमध्यें पहिलीची पाठ आवळेल आणि पुढें कापड लोंबेल. दुसरीचे हूक ताणतील आणि गळा पाठीमागें घसरेल. घेर सांगणारा आंकडा तो घेर पुढें किती व मागें किती हें सांगत नाहीं. शिवाय खांद्यापासून छातीच्या उंच भागापर्यंतचें अंतर, मानेच्या मणक्यापासून कंबरेपर्यंतची लांबी, खांद्याचा उतार, यांतील कांहींच त्याच्या पोटांत नसतें.

कारखान्याची रीत अशी असते कीं, मधल्या एका मापाचा कपडा एका बाईच्या अंगावर चांगला बसवून घ्यावयाचा, आणि मग ठराविक टप्प्यांनीं तो कागदावर लहानमोठा करीत जावयाचें. छाती दोन इंच वाढली कीं खांदाही थोडा वाढवावयाचा, गळाही, बाहीही. पण माणसाचें अंग असें वाढत नाहीं. चाळिशींत स्त्रीचें अंग सुटतें तें पोटाशीं, दंडावर, छातीवर. तिच्या खांद्याचें हाड पंचविसाव्या वर्षीं होतें तेवढेंच राहतें. म्हणूनच मोठ्या मापाच्या कुडत्यांत खांद्याची शिवण दंडावर उतरलेली दिसते. मधल्या मापापासून जितकें दूर जावें तितका कपडा वाईट बसतो, आणि त्या टोंकांवरच्या स्त्रियांना वाटतें कीं दोष आपल्याकडे आहे. आपल्याकडे आणखी एक घोटाळा आहे. कांहीं कुडत्यांवरील ३८ हा आंकडा घालणारीच्या छातीचा असतो, तर कांहींवरील शिवलेल्या कपड्याच्या छातीचा. दुसऱ्या प्रकारचा कपडा ३८ छातीच्या स्त्रीला श्वासही घेऊं देणार नाहीं, कारण कपडा अंगाहून दोन-चार इंच मोकळा असावा लागतो.

मुळांत अडचण भूमितीची आहे. कापड सपाट आणि अंग गोल. नारळ कागदांत गुंडाळून पाहावा म्हणजे कल्पना येईल. कुठें तरी चुण्या पडणारच. सपाट वस्तूला खोलगट कसें करावयाचें याचें उत्तम उदाहरण आपल्या पंगतींत आहे. पळसाचें पान सपाट असतें. त्याची कड एका जागीं दुमडून चोयीनें टोंचली कीं त्याचा द्रोण होतो. दुमड जितकी मोठी तितका द्रोण खोल. शिंपी ज्याला टक्स म्हणतात तो म्हणजे हीच द्रोणाची दुमड होय. भरलेल्या छातीच्या स्त्रीला मोठी दुमड हवी, सपाट छातीच्या स्त्रीला लहान. आणि तिचें टोंक छातीच्या अगदीं उंच बिंदूकडे रोंखलेलें पण त्याच्या इंचभर अलीकडे थांबलेलें असावें. टोंक वर गेलें किंवा खालीं राहिलें, तर कापडाचा खोलगटपणा एका जागीं आणि अंगाचा उंचवटा दुसऱ्या जागीं, असा विजोड होतो. टक्सांऐवजीं छातीचा भाग वेगळा कापून जोडला म्हणजे कटोरी होते. जुन्या चोळींतील जोडतुकड्यांचीच ती सुधारलेली बहीण. तयार कपड्यांतून हल्लीं टक्स पुष्कळदां गाळलेलेच असतात, कारण टक्स गाळला कीं मजुरी वांचते आणि तो चुकीच्या जागीं पडण्याची भीतिही उरत नाहीं. असला कपडा पोत्यासारखा सर्वांना होतो आणि कोणालाच बसत नाहीं.

आकार देण्याची दुसरी युक्ति कापडाच्या विणींत आहे. उभा धागा ताणत नाहीं, आडवा थोडा ताणतो, पण कापड दोन्हींच्या मधून तिरकस ओढलें तर रबरासारखें लांबतें. या तिरकस कापाला शिंपी उरेब म्हणतात. पॅरिसच्या मादलेन व्हिओने या कसबी बाईनें १९२० नंतरच्या दशकांत सबंध झगेच्या झगे उरेब कापून, टक्सांचा फारसा आधार न घेतां ते अंगावर ओघळत ठेवले. त्याला कापड फार लागतें, म्हणून बाजारांत ती रीत रुळणें कठीण. तिसरी युक्ति रसायनशाळेंतून आली. १९५८ सालीं अमेरिकेंत जोसेफ शिव्हर्स यानें लायक्रा हा ताणणारा धागा तयार केला आणि पुढें तो विणींत मिसळूं लागला. त्यानें कपडे ताणले जाऊं लागले, आणि पुष्कळ चुका झांकल्या गेल्या. झांकल्या गेल्या म्हणजे सुधारल्या असें नव्हे. ताणलेलें कापड सर्वांत आधीं तेथेंच ताणतें जेथें बाईला तें ताणून दिसावयास नको असतें.

शिंप्याकडे नेहमीं होणारी एक चूक येथें सांगितलीच पाहिजे, कारण ती दोन्ही पक्षांच्या सद्हेतूंतून होते. बाई तक्रार करते, "हात वर केला कीं ब्लाउज वर चढतो, कांखेंत आवळतो." शिंपी कांखेखालीं मुंढा आणखी खोल कापून देतो. बाई घरीं जाऊन फळीवरचा डबा काढूं लागते तों ब्लाउज पूर्वीपेक्षां अधिकच वर चढतो. असें कां व्हावें? मुंढा जितका खालीं, तितका हात उचलतांना बाहीबरोबर अंगाचा भाग ओढला जातो. मुंढा कांखेच्या जवळ, उंच असला तरच हात मोकळा फिरतो आणि ब्लाउज जागचा हलत नाहीं. आवळत असेल तर बहुधा बाहीच्या वरच्या भागाची रुंदी किंवा पाठीची रुंदी कमी पडलेली असते. तेव्हां शिंप्याला "मुंढा मोठा करा" असें सांगण्यापेक्षां "दंडावर आणि पाठीवर रुंदी द्या" असें सांगावें.

कपडा कोठें चुकला आहे हें त्यावरील चुण्याच सांगतात. फक्त त्यांची भाषा कळली पाहिजे. आडव्या, ताणलेल्या चुण्या पडल्या तर त्या जागीं कापड अपुरें आहे. उभ्या, सैल घड्या पडल्या तर रुंदी जास्त आहे. कांखेकडून छातीच्या टोंकाकडे तिरपी घडी येत असेल तर तेथें टक्स नाहीं किंवा असलेला लहान आहे. या घडीला बायका फार वेळां सैलपणा समजतात आणि बाजूनें शिवण घेऊन कपडा आंत घालतात, त्यामुळें दुखणें वाढतें. पुढील कांठ पोटावरून वर उचलला जात असेल तर पुढील लांबी छातीनें खाल्ली आहे. ती छातीच्या रेषेवरच वाढविली पाहिजे, खालीं पट्टी जोडून उपयोग नाहीं. मानेखालीं पाठीवर आडवी वळी सांचत असेल तर तेथें लांबी जास्त झाली आहे, किंवा शिंप्यानें धरलेल्या उतारापेक्षां खांदे कमी उतरते आहेत.

माप देतांना आंत जें घालावयाचें असेल तेंच घालून माप द्यावें. छातीचा पूर्ण घेर घ्यावाच, पण त्याच्या वर, कांखेच्या रेषेंतून जाणारा घेरही घ्यावा. त्या दोहोंतील फरक म्हणजे द्रोणाची खोली. पाठीची रुंदी वेगळी घ्यावी. दंडाचा घेर हात सरळ सोडून आणि कोपरांत वाकवून, असा दोनदां घ्यावा. नितंबाचा घेर उभें राहून घेतला तरी एकदां बसूनही पाहावा, कारण बसल्यावर तो वाढतो आणि विजारी फाटतात त्या बसतांना. विजारीचें किंवा सलवारीचें आसन मोजावयाचें तर लांकडी खुर्चीवर ताठ बसून कंबरेपासून खुर्चीच्या फळीपर्यंत बाजूनें मोजावें. आणि पोट आंत ओढून माप देऊं नये. तो मोह बहुतेकींना होतो, आणि मग दिवसभर तें पोट आंत ओढून धरावें लागतें.

कांहीं अंगें अशीं असतात कीं कोष्टकानें त्यांचा विचार केलेलाच नसतो. वयपरत्वें पाठीला बांक आलेल्या आजीबाईंची पाठ लांब होते आणि पुढील बाजू आंखूड. त्यांना कोणताही तयार कपडा मागून उचलला जातो आणि पुढें गुडघ्याशीं लोंबतो. त्यांच्यासाठीं पाठीचा भाग दीड-दोन इंच लांब व पुढील भाग तेवढा आंखूड कापला, आणि मानेशीं मागें एक-दोन लहान टक्स घातले, कीं त्याच आजीबाई आरशांत स्वतःकडे निराळ्या नजरेनें पाहतात. ज्या स्त्रीचें छातीवर शस्त्रक्रियेनें एक स्तन काढावें लागलें आहे, तिला दोन्ही बाजू सारख्या कापलेला ब्लाउज कसा होईल? तिची एक बाजू सपाट, दुसरी भरलेली. किंवा आंत घालावयाची गादी एका विशिष्ट वजनाची. अशा वेळीं दोन्ही बाजूंचीं मापें स्वतंत्र घेऊन, दोन बाजू स्वतंत्र कापाव्या लागतात, गळा थोडा वर ठेवावा लागतो आणि गादीसाठीं आंतून कप्पा शिवावा लागतो. ही कामगिरी अवघड नाहीं. अवघड आहे तें शिंप्याला सांगणें. त्या स्त्रीला तें तोंडानें सांगण्याचा संकोच वाटतो, शिंप्याला विचारण्याचा. बरोबर गेलेल्या बहिणीनें किंवा मैत्रिणीनें तें दोन शब्दांत बोलून टाकलें तर पुढचें सारें सोपें होतें. थोडक्या उंचफरकाचे खांदे, एका बाजूस झुकलेला कणा, यांचीही हीच गोष्ट. किंबहुना शिंप्याच्या फितीला विचारलें तर दोन्ही खांदे तंतोतंत सारखे असलेलीं माणसें फार थोडीं.

तयार कपडाच घ्यावयाचा झाला तर आंकडा बाजूस ठेवून खांदा पाहावा. खांदा आणि गळा या दोन जागा मागाहून दुरुस्त करणें सर्वांत कठीण. कंबर, बाजू, बाहीची लांबी, खालचा कांठ या सोप्या. ज्या मापाचा खांदा बसतो पण छाती आवळते, तें माप सोडून एक माप वर घ्यावें व खांदा उतरवून घ्यावा, कीं मुळीं घेऊंच नये, याचा निर्णय कापडाच्या किंमतीवर आणि ओळखीच्या शिंप्याच्या हातावर अवलंबून ठेवावा. अरुंद कंबर व रुंद नितंब असलेल्या स्त्रीनें विजार नितंबाच्या मापानें घ्यावी आणि कंबर आंत घालावी. उलट करूं गेल्यास फसगत होते. कुडत्याच्या बाजूची चीर नितंबाच्या रुंद भागाच्या थोडी वरच सुरू होते कीं नाहीं तेंही पाहावें, कारण ती खालीं सुरू झाली कीं चांगला कुडताही नितंबावर अडकतो.

आणि आरसेखोलींतून बाहेर येण्यापूर्वीं कपडा उलटा करून त्याच्या शिवणी पाहाव्या. घरोघरच्या जुन्या बायका शिवतांना आंत दोन बोटें कापड जास्त सोडीत. त्या जादा कापडाला मराठींत माया म्हणतात. मुलगी वाढेल, अंग भरेल, धाकटीला तोच परकर होईल, म्हणून ही माया. हल्लींचा कारखाना यंत्रानें शिवण घालतां घालतांच कड छाटून टाकतो आणि आंत कडेला चिंचोळी गुंफण तेवढी उरते. तेथें वाढविण्यास कांहीं राहिलेलें नसतें, फक्त घटविण्यास असतें. दोन कपडे सारखेच आवडले असतील तर ज्याच्या बाजूच्या शिवणींत निदान अर्धा-पाऊण इंच माया सांपडेल तो घ्यावा. शिंप्याला कापड देतांनाही हें आधींच सांगावें लागतें. कापून झाल्यावर आठवण केली तर माया दुकानांतील चिंध्यांच्या टोपलींत गेलेली असते.